पोच

माळसांगवीच्या विमानतळावर रेवतीला एक कोडं पडलं होतं. आकाशातली शिकलीसवरली माणसं पोपटासारखी का बोलतात?

टॉवरच्या काचेच्या खोलीत बसून ती जुन्या संभाषणांचं ध्वनिमुद्रण ऐकत होती. खालून एक आवाज म्हणायचा, “सारस सात, उंची तीन हजार फूट ठेवा.” वरचा आवाज लगेच म्हणायचा, “उंची तीन हजार फूट ठेवतो, सारस सात.” खालचा म्हणायचा, “धावपट्टी सत्तावीस, उतरायला परवानगी.” की वरचा म्हणालाच, “धावपट्टी सत्तावीस, उतरायला परवानगी, सारस सात.” दुपारभर हेच दळण.

“आजोबा, हे वैमानिक विसरभोळे होते की टॉवरवाले बहिरे?” तिने विचारलं.

“टॉवरवाला मीच होतो,” आजोबा म्हणाले. “आणि कान शाबूत होते माझे.”

ही गोष्ट अजून घडायची आहे. घडेल तेव्हा तुमच्यातली बरीचशी मंडळी आईबाप झालेली असतील आणि मुलांना ओरडत असतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवलेली बरी. त्या काळी विमानं आणि टॉवर एकमेकांशी तोंडाने बोलत नसत. उपग्रहामार्फत लेखी निरोप जात आणि येत. लहान विमानतळांवर मराठीतून कारभार करायची मुभा आजोबांच्या काळीच मिळाली होती, पण आता बोलायला टॉवरमध्ये माणूसच उरला नव्हता. माणसाच्या जागी यंत्र होतं. माळसांगवीच्या यंत्राचं नाव टपाल. छताला चिकटलेला एक कॅमेरा, भिंतीत एक स्पीकर आणि अतिशय अदबशीर आवाज, एवढाच त्याचा संसार.

टपालला बोलायला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये गोपाळराव देऊळगावकर, म्हणजे रेवतीचे आजोबा, होते. अर्धं आयुष्य त्यांनी याच टॉवरमध्ये माइकपुढे काढलं आणि उरलेल्या आयुष्यात त्या माइकची गरजच संपवून टाकली. स्वतःची खुर्ची स्वतःच्या हातांनी मोडणारा असा माणूस विरळाच. आता त्यांना कंपवात झाला होता. चहाचा कप ओठांपर्यंत नेताना निम्मा चहा बशीत पडे. तरी रोज दुपारी ते टॉवरच्या पायऱ्या चढत, आणि शाळा बंद असल्यामुळे रेवतीही त्यांच्या मागून येई.

शाळा धुळीमुळे बंद होती. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. वाऱ्याने माळावरची माती उचलून आभाळात नेऊन ठेवली होती आणि ती खाली यायचं नाव घेत नव्हती. सूर्य दिवसभर तांबूस आणि निस्तेज असे. दारं-खिडक्या लावूनही भातात कचकच लागे. पण खरं सांगायचं तर रेवतीच्या घरातलं मळभ धुळीच्या आधीचं होतं.

मागच्या वर्षी तिचे बाबा आजारपणात गेले. आई वैमानिक होती, औषधांचे डबे एका जिल्ह्याच्या दवाखान्यातून दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचवायची. तीन महिने सरताच ती पुन्हा कामावर गेली आणि रेवतीला घरी आजोबांपाशी ठेवून गेली. जाताना म्हणाली होती, “बाबांच्या वर्षश्राद्धाला मी नक्की येते.” दोन आठवड्यांपूर्वी तो दिवस आला, आणि ती आली नाही. कुठल्या तरी दवाखान्याला कुठलं तरी औषध हवं होतं. रेवती दारात बसून राहिली, पानं वाढून गार झाली, शेवटी आजोबांनी थरथरत्या हाताने एकट्यानेच सगळं केलं.

तेव्हापासून रेवतीने आईशी मिठाची गुळणी धरली होती. आई जिथं मुक्कामाला असेल तिथून रोज संध्याकाळी तिचा निरोप यायचा. “रेवू, जेवलीस का? खोकला कसा आहे? पोच दे गं.” रेवती निरोप पूर्ण ऐकायची, कधीकधी दोनदा ऐकायची, आणि पोच द्यायची नाही. गप्प बसलं की समोरच्याला लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे शिकवावं लागत नाही.

“असं बघ,” आजोबा म्हणाले. “मी तुला सांगितलं, खालच्या कपाटातनं निळी पेटी आण. तू मान डोलावलीस आणि गेलीस. तुला काय कळलं, ते मला कसं कळावं?”

“पेटी आणली की कळेलच.”

“आणि हिरवी आणलीस तर? कपाटापाशी चूक झाली तर परत पाठवता येतं. आभाळात चूक झाली तर कुणाला परत पाठवू? तिथं ‘ध’चा ‘मा’ झाला की माणसं मरतात. म्हणून पहिली पायरी, मी सूचना द्यायची. दुसरी पायरी, वैमानिकाने ती जशीच्या तशी मला परत म्हणून दाखवायची. याला रीडबॅक (ऐकलेली सूचना सांगणाऱ्यालाच परत ऐकवणं) म्हणतात. लोकांना वाटतं, संपलं. पण तिसरी पायरी सगळ्यात अवघड.”

“कुठली?”

“वैमानिक जे परत म्हणतो ते मी कान देऊन ऐकायचं. त्याने तीनऐवजी चार हजार म्हटलं, आणि मी आपल्याच तंद्रीत ‘हो हो’ केलं, तर ती चूक त्याची नाही, माझी. बरोबर असेल तर मी म्हणायचं, परत म्हटलेलं बरोबर आहे. मग गाठ पक्की बसली.”

“आणि तो काहीच बोलला नाही तर?”

आजोबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “तर मी असं धरायचं, की त्याला काहीच पोचलं नाही. मौन म्हणजे होकार, हे लग्नाच्या बैठकीत ठीक आहे. आमच्याकडे मौन म्हणजे फक्त मौन. त्याचा अर्थ लावत बसलं की घात होतो.”

रेवतीने विषय बदलला. “मग सगळे एकदम का बोलत नाहीत? रांग कशाला लावायची?”

“कारण वाट एकच. टॉवर आणि त्याच्या आसपासची सगळी विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर (रेडिओलहर सेकंदाला जितके हेलकावे घेते त्या संख्येवर) असतात. म्हणून एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू येतं, आणि तो फायदाच आहे. पण ओढ्यावरच्या एका फळीच्या साकवावरून एका वेळी एकच माणूस जातो ना, तसं एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबायचं, बोलायचं, बटण सोडायचं, ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं की दोघांचंही बोलणं वाया जातं आणि बाकीच्यांना नुसती शिट्टी ऐकू येते.”

“बटण दाबून ठेवून ऐकता येत नाही?”

“नाही. बोलताना आपलाच रेडिओ इतका मोठ्याने ओरडत असतो, की लांबून आलेली बारीक लहर त्याला ऐकू यायची नाही. म्हणून बटण दाबलं की ऐकायचं यंत्र आपोआप बंद होतं. जो बोलतो तो त्या वेळी बहिरा असतो. हे माणसांनाही लागू आहे, पण त्यांना बटण नसतं.”

आजोबा स्वतःच्या विनोदावर हसले. रेवती हसली नाही. तिचं लक्ष छताखालच्या आकड्याला टांगलेल्या एका जुन्या दिव्याकडे गेलं होतं. नळकांड्यासारखं तोंड, मागे मूठ आणि वर नेम धरायची पट्टी.

“तो इशाऱ्याचा दिवा,” आजोबा म्हणाले. “रेडिओ बंद पडला तर याने बोलायचं. उजेड बारीक आणि सरळ जातो, ज्याच्यावर नेम धराल त्यालाच दिसतो. विमान हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे वाट द्या, घिरट्या घालत राहा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका. आणखी एकदोन शब्द आहेत, बस्स. भाषा गरीब आहे, पण खोटं बोलता येत नाही तिच्यात.”

“आणि याची पोच कशी देतात?”

“दिवसा असेल तर वैमानिक पंख हलवतो. एकदा डावा खाली, एकदा उजवा.”

तेवढ्यात टपाल खाकरलं. बोलण्याआधी खाकरायची सवय त्याला आजोबांचीच लागली होती.

“क्षमस्व. उपग्रहाशी संपर्क तुटला आहे. सौरवादळाची (सूर्यावरून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्याची) सूचना सकाळीच आली होती. लोंढा अपेक्षेपेक्षा मोठा दिसतो. उपग्रह स्वतःला वाचवण्यासाठी झोपी गेले आहेत.”

“मग विमानं?” आजोबा उठले.

“ती आवाजाच्या रेडिओवर येतील. तो जमिनीवरून थेट चालतो, त्याला उपग्रह लागत नाही. परंतु एक वाईट बातमी आहे. आत्ताच उतरत असलेलं बिनवैमानिकाचं मालवाहू विमान वाट चुकून आडवं झालं आहे. त्याचं पुढचं चाक मोडलं आहे. ते धावपट्टीच्या मधोमध आहे. ओढगाडी पाठवली आहे, पण उपग्रहाशिवाय ती रंगवलेल्या रेघेवरून चाचपडतच जाईल.”

रेवतीने काचेतून पाहिलं. धुळीत काही दिसत नव्हतं. विमान राखाडी, धावपट्टी राखाडी, आभाळ तेवढं तांबूस.

“येणारं कोण आहे?” आजोबांनी विचारलं, पण त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना उत्तर ठाऊक आहे.

“सारस चार.”

सारस चार म्हणजे आई.

मग भिंतीतल्या स्पीकरमधून खरखर आली आणि तिच्यामागून आवाज. रोज संध्याकाळी निरोपात असतो त्याहून कोरडा, कामाचा आवाज. “माळसांगवी टॉवर, सारस चार. लेखी निरोप बंद पडले आहेत, आवाजावर आले आहे. तुमच्या पूर्वेला आहे, उंची चार हजार फूट. उतरण्याची सूचना द्या.”

“सारस चार, माळसांगवी टॉवर,” टपाल म्हणालं. “उतरू नका. धावपट्टीवर अडथळा आहे. पूर्वेलाच घिरट्या घाला.”

रीडबॅक आला नाही.

टपालने पुन्हा सांगितलं. स्पीकरमधून एंजिनाची घरघर येत होती, कुणीतरी श्वास घेत होतं, पण उत्तर नव्हतं. मग आईचाच आवाज आला, जरा वेगळा, जवळचा. “उत्तर नाही. बरं.”

“चमत्कारिक आहे,” टपाल म्हणालं. “त्यांचा आवाज स्वच्छ येतो आहे. मग माझा का जात नाही? आणखी दोन विमानं लांबून बोलायचा प्रयत्न करत आहेत, पण मला नुसती शिट्टी ऐकू येते.”

आजोबा रेडिओच्या खोक्यापाशी गेले. समोरून कुणी बोलत असेल तेवढा वेळच लागणारा एक बारीक पिवळा दिवा त्यावर होता. तो विझत नव्हता. “बटण अडकलंय तिचं,” ते हळूच म्हणाले. “सुकाणूवरचं. तिने बोट काढलं, पण बटण वर आलंच नाही. आत धूळ बसली असणार. ती बोलायलीच आहे, म्हणजे तिचं ऐकायचं यंत्र बंद. आपण घसा फोडला तरी पालथ्या घड्यावर पाणी.”

“मग दुसऱ्या रेडिओवर सांगा.”

“दुसरा रेडिओ काढून टाकला सगळ्यांनी. आवाज कुणी वापरतच नव्हतं ना. आम्हीच सांगितलं होतं, वजन वाचतं म्हणून.” आजोबा खुर्चीत बसले. म्हातारा माणूस एकदम आणखी म्हातारा झाला.

स्पीकरमधून आई स्वतःशीच बोलत होती. एकट्याने उडणारी माणसं बोलतात तशी. तिला वाटत होतं, ऐकणारं कुणी नाही. आजोबांना ती अप्पा म्हणे.

“अप्पा टॉवरवर असते तर दोन शिव्या तरी ऐकू आल्या असत्या. आता यंत्र. तेही मेलेलं.” घरघर. “इथंही गुळणी आणि घरीही गुळणी. पोरीने एकदा ‘नको’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ओरडली असती तरी. पोचलं एवढं तरी कळलं असतं.”

रेवती जिथं उभी होती तिथंच राहिली.

“त्या दिवशी यायला हवं होतं मी. डब्यात कुणाचं तरी औषध होतं म्हणून गेले, पण यायला हवं होतं. दुसरं कुणी गेलं असतं.” आईने नाक ओढलं. “घरात त्याची चप्पल दिसते म्हणून मी विमानात येऊन बसते, हे एवढ्याशा पोरीला सांगायचं तरी कसं.”

“आई,” रेवती स्पीकरला म्हणाली. “आई, मी इथं आहे.” आणि मग तिला कळलं की हे कुठंच पोचत नाही. दोन आठवडे आपण आईला नेमकं हेच दिलं, हेही त्याच क्षणी कळलं, आणि तिला स्वतःचा फार राग आला.

“चला, नियम तो नियम,” आईचा आवाज पुन्हा कोरडा झाला. “बोलणं तुटलं तर ठरल्या ठिकाणी ठरल्या वाटेने येऊन उतरायचं. उतरतेय.”

“ती सरळ येणार,” आजोबा म्हणाले. “या धुळीत तिला ते आडवं विमान दिसेल, पण तेव्हा फार उशीर झालेला असेल.” ते उठले आणि आकड्यावरचा दिवा त्यांनी दोन्ही हातांनी काढला. दिवा त्यांच्या हातात असा थरथरत होता की त्याचा उजेड काचेवर इकडून तिकडे नाचला. त्यांनी तो छातीशी धरला, टेबलावर टेकवला, पुन्हा उचलला. नेम धरायची पट्टी जागेवर राहीना. बारीक उजेड, लांबचं विमान आणि असे हात. त्यांनी रेवतीकडे पाहिलं आणि दिवा तिच्या हातात दिला.

दिवा जड होता. आजोबांनी पूर्वेकडची काच सरकवली, आणि धूळ आत आली.

“लाल भिंग फिरव. ते. पट्टीतून विमान दिसलं की खटका दाब आणि सोड, दाब आणि सोड. विमान सरकेल तशी तू सरक. काय करायचंय, सांग.”

“लाल भिंग,” रेवती म्हणाली. “पट्टीतून नेम. खटका दाबायचा, सोडायचा. विमानाबरोबर सरकायचं.”

“परत म्हटलेलं बरोबर आहे,” आजोबा म्हणाले.

विमान आधी ऐकू आलं, स्पीकरमधून आणि आभाळातूनही. मग धुळीत एक डाग दिसला. रेवतीने नेम धरला आणि खटका दाबू लागली. लाल, काळोख, लाल, काळोख. डाग मोठा होत होता. आई समोर धावपट्टी शोधत होती, टॉवरकडे तिचं लक्षच नव्हतं.

“दिसत नाही अजून,” स्पीकर म्हणाला. “हां, आता टोक दिसतंय जरासं. चाकं खाली.”

“बघ गं वैजू,” आजोबा आईच्या विमानाकडे बघत पुटपुटत होते. “शिकवलं होतं मी तुला. उत्तर नाही आलं तर टॉवरकडे बघायचं. बघ की गं इकडं.”

रेवतीचे हात भरून आले होते. डोळ्यांत माती गेली होती आणि ते पुसायची सोय नव्हती, कारण पुसायला हात सोडला असता तर नेम गेला असता. तिने डोळे तसेच उघडे ठेवले. लाल, काळोख, लाल.

“हे काय?” स्पीकर म्हणाला.

रेवती खटका दाबतच राहिली.

“टॉवरवरून लाल. लुकलुकता लाल. म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका.” आणि लगेच एंजिन गरजलं, डाग टॉवरच्या अंगावरून वर चढला, आडव्या पडलेल्या विमानाच्या बऱ्याच वरून निघून गेला. जाताजाता आईला ते दिसलं असावं, कारण स्पीकरमधून नुसताच एक दीर्घ श्वास ऐकू आला.

“ऐकलंस?” आजोबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “तिला माहीतही नाही की आपल्याला ऐकू यायलंय. तरी परत म्हणायली. सवय. ही सवयच वाचवते.”

मग धुळीतून विमान वळून पुन्हा दिसलं. त्याचा डावा पंख खाली झुकला, मग उजवा. मग पुन्हा डावा.

“पोच,” रेवती म्हणाली.

“मला हे समजलं नाही,” टपाल म्हणालं. “रेडिओ नादुरुस्त आहे. तरी संवाद पूर्ण कसा झाला?”

याचं उत्तर आजोबांच्या आधी रेवतीनेच दिलं. “तिच्याकडून इकडे यायची वाट आवाजाची आहे. इकडून तिकडे जायची उजेडाची. जायची आणि यायची वाट एकच असायला हवी, असं कुठंय? गेलेलं पोचलं की नाही ते परत आलं, म्हणजे झालं.”

“नोंद घेतो,” टपाल म्हणालं.

आजोबांनी सांगितल्यावर रेवतीने दिवा स्थिर लाल केला. वाट द्या, घिरट्या घालत राहा. आई टॉवरभोवती फिरत राहिली, स्पीकरमधून मधेच इंधनाचा आकडा म्हणत, मधेच शांत. खाली ओढगाडी रेघ चाचपडत गेली, मोडलेल्या विमानाला तिने कशीबशी दोरी लावली आणि ते रखडत रखडत कडेला नेलं. रेवतीला आईला कितीतरी सांगायचं होतं. मी ऐकलं. मला माफ कर. मीही ती चप्पल बघते, आणि मग मान वळवते. पण दिव्याच्या भाषेत यातला एकही शब्द नव्हता.

“धावपट्टी मोकळी,” टपाल म्हणालं.

“हिरवं भिंग,” आजोबा म्हणाले. “स्थिर. आता हलू नकोस.”

रेवती हलली नाही. हिरवा उजेड धुळीत वर गेला. तिच्या हिशेबी त्या उजेडाचा अर्थ एवढाच होता, ये.

“स्थिर हिरवा. उतरायला परवानगी,” आईचा आवाज म्हणाला. आणि ती उतरली.

सूर्य धुळीत बुडत होता. तसा तो बुडताना वेगळा दिसत नव्हता, फक्त उजेड कमी झाला. औषधांचे डबे दवाखान्याच्या गाडीत गेले. आजोबांनी चष्म्याच्या काडीने सुकाणूवरचं बटण उकरलं तेव्हा चिमूटभर माती निघाली आणि बटण टुचकन वर आलं. चिमूटभर माती, एवढंच कारण. आजोबा लगेच टपालशी वाद घालायला लागले, की पुढच्या रेडिओत फार वेळ दाबलेलं बटण आपोआप सुटायला हवं, की दुसरा रेडिओ परत बसवायलाच हवा, वजन गेलं खड्ड्यात, आणि इशाऱ्याचा दिवा प्रत्येक टॉवरमध्ये हाताला येईल असा हवा, शिवाय तो धरायला एक माणूसही. टपाल दर वेळी त्यांचं वाक्य परत म्हणून दाखवत होतं. पुढे ते तसं झालंही, पण त्याला वेळ लागला. धूळही आणखी बरेच दिवस राहिली.

आई विमानाला टेकून उभी होती. तिच्या केसांत माती होती आणि ती फार थकलेली दिसत होती. रेवती पायऱ्या उतरून तिच्यासमोर जाऊन थांबली. उत्तर न येण्याची सवय झालेल्या माणसासारखी आई वाट बघत उभी राहिली.

“तुझं बटण अडकलं होतं,” रेवती म्हणाली. “आम्हाला सगळं ऐकू येत होतं.”

आईचा चेहरा उतरला. “सगळं?”

रेवतीने मान डोलावली. मग तिच्या लक्षात आलं, की मान डोलावून भागत नाही.

“तू म्हणालीस, त्या दिवशी यायला हवं होतं,” ती म्हणाली. तिला एकेक वाक्य उचलून ठेवावं लागत होतं. “तू म्हणालीस, घरात बाबांची चप्पल दिसते म्हणून तू विमानात जाऊन बसतेस. तू म्हणालीस, मी ओरडले असते तरी तुला चाललं असतं.” तिने श्वास घेतला. “मी अजून रागावलेय. पण पोचलं.”

आईने तोंडावर हात ठेवला. रेवती थांबली, कारण तिसरी पायरी अजून व्हायची होती. मग आईने हात काढला, घसा साफ केला, आणि मुलीच्या कपाळावरची माती अंगठ्याने पुसत म्हणाली,

“रेवती, परत म्हटलेलं बरोबर आहे.”